उपकप्तानाचा चेहरा

६ जानेवारी

दिग्दर्शकानं आज फर्मान काढलं. ज्याच्याकडे जे पात्र आहे, त्यानं त्या पात्राची दैनंदिनी लिहायची. "त्याच्या मनात शिरा," म्हणे. वय एकतीस, पण बोलतो असं की जणू निम्मं आयुष्य गलबतावर काढलंय. सगळ्यांना एकेक वही मिळाली. जाड पुठ्ठ्याची आहे, चांगली आहे.

माझ्याकडे चाच्यांचा कप्तान. दोन पानं लिहून पाहिली. "आज एक जहाज लुटलं. वारा बरा होता." पुढे काही सुचेना. ज्याला लिहायची हौस आहे तो माणूस दरोडे घालायला समुद्रावर कशाला जाईल? दोन्ही पानं फाडली आणि ठरवलं, वही आहेच तर स्वतःचीच दैनंदिनी लिहावी. माझ्या मनात शिरायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

८ जानेवारी

पुढे कधी वाचली तर संदर्भ लागावा म्हणून मांडून ठेवतो. सिनेमा ॲनिमेशनचा, साहसकथा. एक धीट मुलगी, तिचा बडबड्या समुद्रपक्षी आणि हरवलेलं दीपगृह. ही सज्जन मंडळी वरच्या मजल्यावर तयार होतात. तिथे खिडक्या आहेत, कुंड्या आहेत, कॉफीचं यंत्र आहे. दुर्जनांचं पथक तळमजल्यावर, पार्किंगला लागून. गाडी मागे घेताना वाजणारी पिपाणी आम्ही दिवसभर ऐकतो. दुष्ट पात्रं आमच्याच हातून का चांगली उतरतात याचं उत्तर बहुतेक त्यातच आहे.

चाचे सहा, आम्हीही सहा, आणि मी पथकप्रमुख. उपकप्तान वकीलबाईकडे आहे. ती वकील नाही. दोन वर्षं कायदा शिकून सोडून दिला, उलटतपासणीची सवय मात्र सुटली नाही. बाकीचे तिघे कानांत गाण्याची बोंडं घालून बसतात आणि चोख काम करतात, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सहावे मास्तर. गलबतावरचा म्हातारा खानसामा त्यांच्याकडे. वीस वर्षांपूर्वी मला हे काम त्यांनीच शिकवलं, तेव्हा सगळं कागदावर पेन्सिलनं चालायचं. एका सेकंदाची चोवीस चित्रं. त्यातलं तेविसावं चुकलं असेल तर मास्तर नुसता गठ्ठा फडफडवून ओळखायचे. आज मी त्यांचा वरिष्ठ आहे. सुरुवातीला त्यांच्या कामात चुका काढताना जीभ अडखळायची. आता अडखळत नाही. त्यांनाही काही वाटत नसावं, कारण ते तसं कधी बोलून दाखवत नाहीत.

१३ जानेवारी

आरशाच्या खोलीत मुंग्या झाल्या.

आमच्या मजल्यावर एक छोटी खोली आहे. एका भिंतीला पूर्ण आरसा, समोर तिकाटण्यावर कॅमेरा. पात्रानं जे करायचं ते आधी आपण तिथे करून बघायचं, त्याची क्लिप घ्यायची आणि ती समोर ठेवून पात्र हलवायचं. बहुतेक जण दोन मिनिटांत उरकतात. मास्तरांचं तसं नाही. खानसामा कणीक मळतो, म्हणून मास्तरांनी दोन दिवस खरोखर कणीक मळली. पीठ आरशावर, पीठ कॅमेऱ्यावर. साफसफाईवाल्या बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. मी मास्तरांना म्हटलं, "अहो, नुसता हात हलवला असता तर चाललं नसतं का?"

"हात खोटं बोलतो रे," ते म्हणाले. "त्याला काम दिलं की गप्प बसतो."

मुंग्यांचं औषध मीच आणलं.

१९ जानेवारी

सत्तेचाळीसावा प्रसंग आला. पूर्ण सिनेमाचा कणा म्हणे हाच.

आरमाराच्या अधिकाऱ्यानं उपकप्तानाला सांगितलंय, तुमच्यातला एक माणूस आमच्या हवाली कर, तुला माफी. उपकप्तान खानसाम्याचं नाव देतो. ज्या खानसाम्यानं त्याला लहानाचा मोठा केला, त्याचं. मग तो गलबतावर परततो. खानसाम्याला काहीच ठाऊक नाही. तो आपल्या वाटणीचा अर्धा पाव उपकप्तानापुढे धरतो आणि उपकप्तान तो घेतो. बस, एवढंच. संवाद नाही.

मी बैठकीत स्पष्ट सांगितलं, हे पटत नाही. इतक्या वर्षांच्या सोबत्याला असं कोण देतं? आणि वर त्याच्याच हातचा पाव खायचा? पटकथाकाराला माणसांची जाण नाही. दिग्दर्शक म्हणाला, "तुम्ही फार सरळ आहात." मी त्यावर वाद घातला नाही.

२८ जानेवारी

वकीलबाईचा पहिला प्रयत्न नापास. तिनं उपकप्तानाचे डोळे बारीक केले होते, ओठांचा एक कोपरा वर. दिग्दर्शक म्हणाला, "हा तर खलनायक दिसतोय." आता चाच्यानं खलनायक दिसायचं नाही तर काय बालवाडीचा शिक्षक दिसायचं? दुसऱ्या प्रयत्नात तिनं घाम घातला, थरथरता हात घातला. तोही नापास. "हा पाप करतोय हे त्याला माहीत असल्यासारखं वाटतंय," म्हणाला.

तेव्हापासून बाई हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागली आहे. जेवायच्या टेबलावर एकेकाला धरते. "खरं सांगा, कुणाचा विश्वासघात केलाय का? तेव्हा तोंड कसं झालं होतं?" सगळे कानांवर हात ठेवतात. एकटे मास्तर म्हणाले, "केलाय. शाळेत असताना. पण तोंड कसं झालं होतं ते त्या पोराला विचारावं लागेल, मला कसं दिसणार?"

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ते माझ्या अंगातच नाही गं."

घरी बायकोला हे सांगितलं तर ती हसतच सुटली. "माझ्या भावानं घर बदललं तेव्हा 'सामान हलवायला मी आहे ना' असं म्हणून कुणाला ताप आला होता हो?" ताप खरा होता. मोजला नव्हता एवढंच.

३ फेब्रुवारी

इस्त्रीनं वर बोलावलं. कर्मचाऱ्यांचं खातं सांभाळतो तो. त्याच्या शर्टाला बसताना-उठतानाही चुणी पडत नाही, म्हणून आम्ही त्याला इस्त्री म्हणतो.

मला खुर्ची दिली. स्वतःच्या हातानं कॉफी दिली. मग म्हणाला, "सिनेमा मार्गी लागला की तुमच्या पथकात पाचच माणसं ठेवायची आहेत. कोण कमी करायचं ते तुम्ही सांगितलेलं बरं. तुम्हाला माणसं माहीत आहेत."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर वरून ठरेल. वरच्यांना माणसं माहीत नसतात. सगळ्यात महाग कोण, एवढंच ते बघतात." असं म्हणून छान हसला.

पथकात सगळ्यात महाग मीच आहे. पण त्यानं ते सहज म्हटलं असावं.

खाली आलो तर मास्तर डबा उघडून माझी वाट बघत बसले होते. मी भूक नाही म्हटलं. कॉफीनं भूक मरते.

५ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. सांगायला नको होतं. तिनं आधी विचारलं, "मास्तरांचं नाव तर नाही ना तुमच्या डोक्यात?"

म्हटलं, माझ्या डोक्यात अजून कुणाचंच नाही.

"काकूंचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चाललंय, लक्षात असू द्या. आठवड्यातून तीनदा. मास्तरांची नोकरी गेली की विमा गेला."

मी काय हे विसरणार आहे? काकूंच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, हातचं मी किती वर्षं जेवलोय. घर मिळेपर्यंत चार महिने त्यांच्याकडे राहिलो होतो, गादीसुद्धा त्यांचीच. मला कुणी माणुसकी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं.

१० फेब्रुवारी

सगळ्या बाजूंनी विचार केला, थंड डोक्यानं.

वकीलबाईला काढता येत नाही, तिचा प्रसंग अडकलाय. बोंडंवाले तिघे तरुण आहेत, कामाला वाघ आहेत. मी गेलो तर पथकाला वाली राहणार नाही. हे मी स्वतःसाठी म्हणत नाही, उलट मला तर सुटल्यासारखं होईल. पण जबाबदारी झटकून पळणं मला जमत नाही.

राहता राहिले मास्तर. त्यांचं वय अठ्ठावन्न. सोमवार, बुधवार, शुक्रवार काकूंना दवाखान्यात पोचवून यायला त्यांना अकरा वाजतात. घामाघूम होऊन येतात, चष्मा पुसतात, कामाला बसतात. बघवत नाही. खरं म्हणजे या वयात त्यांना विश्रांती हवी. काकूंजवळ बसायलाही वेळ मिळेल. माणुसकीनंच बघायचं तर असंही बघता येतं. बायकोला ही बाजू सुचली नाही, कारण ती फार भावनेनं विचार करते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

इस्त्रीला नाव सांगितलं. दोन मिनिटांत झालं. उगाच इतके दिवस डोक्याला ताप करून घेतला.

त्यानं कारण विचारलं, कागदावर काहीतरी लागतं म्हणून. मी म्हटलं, वेळेवर येत नाहीत. हे खोटं नाही. का येत नाहीत ते त्यानं विचारलं नाही.

जिना उतरून आलो तर आरशाच्या खोलीचं दार उघडं. आत मास्तर. डब्यातला पाव हातात, कॅमेरा चालू. "बरा आलास! जरा इथे उभा राहा बघू. नुसता हात पुढे केला की तो लटका वाटतो. घेणारा लागतो समोर."

सत्तेचाळीसाव्या प्रसंगातला त्यांच्या खानसाम्याचा हात करायचा होता. कॅमेरा हातावर होता, त्यामुळे मला काही करायचं नव्हतं. उभा राहिलो.

"काय म्हणत होता इस्त्री?" त्यांनी पाव मोडता मोडता विचारलं.

"काही नाही. सुट्ट्यांचं काहीतरी."

"माझ्या उशिराचं काढलं असेल."

"छे हो."

"तू सांभाळून घेतोस म्हणून चाललंय बाबा. काकू रोज नाव काढते तुझं. घे." असं म्हणून अर्धा पाव पुढे केला. मी घेतला, खाल्ला. मग म्हणाले, कोपर जरा वर राहिलं, पुन्हा करू. पुन्हा केलं. असं आठ वेळा झालं. डब्यातला सगळा पाव संपला. मास्तर दुपारी नुसत्या भाजीवर जेवले असणार, मी वर बैठकीला होतो.

एक मोठं काम हातावेगळं झालं. आज झोप लागेल.

१८ फेब्रुवारी

मास्तर हल्ली चहाला हाक मारत नाहीत. हातात काम आहे त्यांच्या. गुरुवारची क्लिप समोर घेऊन बसलेत, एकेक चित्र पुढे, एकेक मागे. तीन सेकंदांच्या हातासाठी चार दिवस! मी मागून जाताना म्हटलं, "मास्तर, हात तर कधीच झाला असेल ना?"

"हात झाला," म्हणाले. मान वर केली नाही.

काकूंचं टेन्शन असेल.

२४ फेब्रुवारी

आज आमच्या पथकानं मैदान मारलं. आणि मी तोंडघशी पडलो.

सकाळी पडद्याच्या खोलीत सगळे जमलो. वकीलबाईनं सत्तेचाळीसावा प्रसंग नव्यानं आणला होता. दिवे घालवले. खानसामा पाव मोडतो, पुढे धरतो. हात असा की खोलीत पावाचा वास यावा. आणि उपकप्तान. डोळे बारीक नाहीत, घाम नाही, काही नाही. खानसाम्याच्या तोंडाकडे तो बघतच नाही, हाताकडे बघतो. हसतो, पण हसू अंमळ लवकर येतं, समोरचा हात पुरता पुढे यायच्या आधी. पाव तोंडात घालतो आणि मग त्याचे खांदे सैल पडतात. बँकेतलं काम उरकून बाहेर पडलेला माणूस जसा दिसतो, तसा दिसतो तो.

दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "हेच! हेच मी महिनाभर सांगतोय! याला वाईट वाटतच नाहीये. याला फक्त हे लवकर उरकायला हवंय!"

सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. प्रमुख म्हणून मलाच बोलायचं होतं, तर मी म्हटलं, "काय माणूस पकडलायस गं! अंगावर काटा आला. हा इसम मी नक्की कुठेतरी बघितलाय."

वकीलबाई हसायला लागली. "रोज दाढी करताना बघता की, दादा!"

मला कळेना. तिनं सांगितलं, मास्तरांची पावाची क्लिप. कॅमेरा हातावर होता खरा, पण चौकट मोठी होती आणि आरशात मी पूर्ण येत होतो, डोक्यापासून पायांपर्यंत. वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसानं आरशाच्या खोलीत उभं राहून आरसा विसरावा! "मास्तरांनीच दिली मला," ती म्हणाली. "म्हणाले, तू शोधतेयस तो चेहरा माझ्या हातामागे उभा आहे. आणि काय अभिनय केलाय हो तुम्ही! आम्हाला पत्ताच नव्हता."

सगळे पुन्हा टाळ्या वाजवायला लागले, या वेळी माझ्यासाठी. मी हसलो. मास्तर मागच्या रांगेत चष्मा पुसत होते.

२५ फेब्रुवारी

मास्तर यायच्या आत, सकाळी नऊला क्लिप उघडली. आठही वेळा बघितल्या. आठही वेळा तोच चेहरा. ठरवून कुणी मला एकच अभिनय आठ वेळा करायला सांगितला असता तर मला तो सारखा जमला नसता.

पहिल्याच वेळी मास्तर म्हणतात, "काकू रोज नाव काढते तुझं." तिथे थांबवलं. एकेक चित्र पुढे नेलं. सहा चित्रांत माझं हसू पूर्ण होतं. एका सेकंदाच्या पाव हिश्शात. मला वाटत होतं मी त्या वेळी कासावीस झालो होतो. मी कासावीस झालोच होतो, मला चांगलं आठवतंय! पण कॅमेऱ्यात ते कुठेच नाही.

मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधत बसलो होतो, सापडला नाही.

तडक वर गेलो. इस्त्रीला विचारलं, "ते नाव बदलता येईल का?"

"येईल की," तो म्हणाला. "सोमवारी पत्र निघेल, तोवर येईल. मास्तरांऐवजी कोण?" आणि पेन उघडून बसला.

मी त्याच्या शर्टाच्या बाहीकडे बघत होतो. घराचे हप्ते डोळ्यांसमोर आले, बायकोचा चेहरा आला. माझंच नाव ओठांपर्यंत आलं होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. तीन अक्षरं, काही कठीण नाही.

"राहू दे," म्हटलं.

"विचार करूनच दिलं असणार तुम्ही," तो म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं.

१ मार्च

उद्या मास्तरांना पत्र मिळणार. बायकोला सांगून टाकलं. वरून ठरलं म्हणालो.

"वरून म्हणजे किती मजल्यांवरून?" तिनं विचारलं.

मी उठून दिवा घालवला. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिचं विचारणं आणि पुन्हा न विचारणं, दोन्हींपैकी जास्त काय टोचलं ते सांगता येत नाही.

२ मार्च

मास्तरांनी पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि कामाला बसले. वकीलबाई रडली, मग चिडली, मग वर जाऊन इस्त्रीशी भांडून आली. बोंडंवाल्या तिघांनी दिवसभर बोंडं काढून ठेवली होती. मी मास्तरांच्या टेबलाशी गेलो आणि म्हटलं, "फार वाईट झालं."

"हो ना," ते म्हणाले.

दुपारी इस्त्री स्वतः खाली आला, माझ्यासाठी एक कागद घेऊन. उपकप्तानाचा चेहरा माझा, म्हणून सिनेमाच्या शेवटी माझं नाव 'संदर्भ अभिनय' म्हणून झळकणार. त्यासाठी माझी लेखी संमती हवी. म्हणजे मी ठरवून अभिनय केला, प्रसंगाची कल्पना मला होती, मला न विचारता कुणी चित्रण केलं नाही, असं सगळं. खाली माझी सही आणि चित्रणाच्या वेळी हजर असलेल्या एका साक्षीदाराची.

हजर एकच माणूस होता.

इस्त्रीला याचं काही वाटलं नाही. त्यानं कागद मास्तरांच्या पुढ्यात ठेवला, शेजारी मी उभा. मास्तर सगळं वाचून मगच सही करतात, पहिल्यापासून. बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते. एका ओळीवर थांबले.

"'प्रसंगाची पूर्ण कल्पना कलाकाराला होती,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "होती ना रे?"

मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. हे माझ्या त्याच वेळी लक्षात आलं आणि मी मान वर करून त्यांच्या डोळ्यांत बघायचं ठरवलं. जमलं नाही.

"होती," मी म्हणालो.

"मग बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखं सुरेख. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "काम उत्तम झालंय, बरं का. इतकं खरं काम तुझ्याकडून मी पहिल्यांदाच बघितलं."

माझ्या गुरूनं वीस वर्षांत केलेली ही पहिली स्तुती.

१३ मार्च

मास्तरांचा शेवटचा दिवस. शुक्रवार, म्हणून आजही अकराला आले. इस्त्रीच्या वहीत आजचाही उशीर पडला असणार.

वकीलबाईनं केक आणला होता. मास्तरांनी आपल्या पेन्सिली तिला दिल्या. मला काही दिलं नाही, मीही अपेक्षा ठेवली नव्हती. काकूंचं विचारलं. सरकारी इस्पितळात नंबर लावलाय म्हणाले. पहाटे पाचला रांगेत उभं राहावं लागतं, दोन बस बदलून जायचं. "उशीर झाला तर चालत नाही तिथे," म्हणाले. टोमणा मारण्याचा त्यांचा स्वभाव नाही. म्हणूनच जास्त लागलं.

दारापर्यंत मी त्यांची पिशवी धरली. रिक्षात बसताना ती त्यांनी माझ्या हातून घेतली आणि थँक्यू म्हणाले. मला ते आजवर कधीही थँक्यू म्हणाले नव्हते.

१९ मार्च

दिग्दर्शकाला माझ्यातला नट सापडलाय. आता सोडायला तयार नाही.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. खानसाम्याला आरमारानं नेलंय आणि उपकप्तान रिकाम्या भटारखान्यात एकटा उभा आहे. त्याला पश्चात्ताप होतो. वकीलबाई म्हणाली, हाही चेहरा दादांचाच हवा. मी नाही म्हटलं. दिग्दर्शक म्हणाला, "तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. मागच्या वेळेसारखं सहज करा."

तर आज आरशाच्या खोलीत उभा राहिलो. या वेळी चौकट नीट बघून घेतली. दिग्दर्शक कॅमेऱ्याशी, वकीलबाई दाराशी. उघड्या दारातून मास्तरांची रिकामी जागा दिसत होती. उद्याही अकराला तिथे कुणी घामाघूम होऊन येणार नाही, हे मनात आलं आणि मला रडू कोसळलं. खरं रडू. नाक वाहायला लागलं. आवाज येऊ नये म्हणून ओठ दाबले तरी आला. वकीलबाई पुढे होऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मला वाटलं, हिला सांगून टाकावं. आता, इथल्या इथे. तोंडही उघडलं. मग बोंडंवाल्यांपैकी एक जण डोकावला आणि ते राहून गेलं.

दिग्दर्शकानं क्लिप तीनदा बघितली. मग अवघडून म्हणाला, "रडणं एकदम अस्सल आहे. पण खानसामा यात कुठे आहे? हा स्वतःसाठी रडतोय."

"पुन्हा करू?" मी विचारलं.

पुन्हा केलं. पाच वेळा केलं. पाचही वेळा त्याला तेच दिसलं. शेवटी त्यानं तो प्रसंगच काढून टाकायचं ठरवलं. उपकप्तानाला पश्चात्ताप होतच नाही, असं दाखवलं तर तो जास्त खरा वाटेल, म्हणाला. मागच्या चेहऱ्याला तेच शोभतं. वकीलबाई खूश झाली, तिचं दोन आठवड्यांचं काम वाचलं.

मला पश्चात्ताप होत होता. हे मी इथे लिहून ठेवतोय, कारण दुसरं कुणी त्यावर विश्वास ठेवेल असं वाटत नाही.